चाळीस हजारांत ई-सायकल निवडताना

पुण्यात माझा रोजचा प्रवास बावधन ते शिवाजीनगर, जाऊन-येऊन साधारण बावीस किलोमीटर, आठवड्याचे सहा दिवस. सकाळी चांदणी चौकातून पौड रस्त्याने कोथरूडकडे उतार आणि संध्याकाळी दमून परतताना तोच रस्ता चढ. घर दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, खाली पार्किंगमध्ये प्लग नाही. बजेट चाळीस हजार, आणि त्यातच कुलूप-हेल्मेट-मडगार्डही बसवायचं. लायसन्स, नंबरप्लेट, आरटीओ यांच्या वाटेला जायचं नाही. एवढं कागदावर लिहून मगच दुकानात पाऊल टाकलं, कारण दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न रंगाचा येतो आणि दुसरा ईएमआयचा.

आधी शब्दांचा घोळ. आपल्याकडे ‘ई-बाइक’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर स्कूटर येते. स्वस्त गटात बिनानोंदणीच्या मंदगती स्कूटरही मिळतात आणि चाळीस-पन्नास हजारांत त्यांची जाहिरात जोरात असते. त्यांतल्या अगदी स्वस्तांत शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या असतात. एकट्या बॅटऱ्यांचंच वजन तीस-चाळीस किलो, म्हणजे त्या काढून जिन्याने वर नेणं शक्य नाही. शिवाय २५० वॅटची मोटर स्कूटरचं धूड आणि माणूस घेऊन चढावर रडते, आणि मारायला पायडल नाही. सपाट भागात, पार्किंगमध्ये प्लग असलेल्या माणसाला ती चालेलही. या रस्त्याला ती बाद. उरली पायडलवाली ई-सायकल.

कायदा इथे नीट समजून घ्यावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम २ (यू) प्रमाणे मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर ते ‘मोटार वाहन’ धरलं जात नाही. पायडल-असिस्ट सायकलीत मोटरची मदत वेगाबरोबर कमी होत जाऊन २५ ला, किंवा त्याआधी पायडल थांबलं की, तुटली पाहिजे. बॅटरी सोडून वजनाची मर्यादा ६० किलो. ई-सायकल वीस-पंचवीस किलोचीच असते, तिथे प्रश्न नाही. मात्र मॉडेल मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासलेलं असावं लागतं. अशी एक संस्था, एआरएआय, पुण्यातच आहे. वेताळ टेकडीच्या त्या भागाला अर्धं पुणं एआरएआयची टेकडी म्हणूनच ओळखतं. त्या प्रमाणपत्राची प्रत दुकानदाराकडे मागावी. ‘सगळं ओके आहे’ एवढंच उत्तर मिळालं, तर त्या मॉडेलवर फुली मारावी.

याच संदर्भात दुकानात हमखास येणारा प्रस्ताव म्हणजे ‘स्पीड खोलून देतो, पस्तीसला जाईल.’ डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये दोन आकडे बदलले की खरंच जाते. पण त्या क्षणी ती बिनानोंदणीचं, बिनाविम्याचं मोटार वाहन होते. अपघात झाला तर तुमच्या बाजूने एकही कागद उभा राहत नाही. तांत्रिक बाजूही आहे: हवेचा विरोध झपाट्याने वाढत असल्यामुळे पंचवीसऐवजी बत्तीसला चालवलं की बॅटरी किलोमीटरमागे दीडपटीच्या आसपास खर्च होते, आणि स्वस्त सायकलीचे यांत्रिक डिस्क ब्रेक, त्यांची १६० मिलिमीटरची तबकडी, त्या वेगासाठी दिलेलीच नसते. नको म्हणावं, आणि बिलावर मॉडेलचं मूळ नाव येतंय का ते पाहावं.

आता बॅटरी. निवडीचा अर्ध्याहून अधिक वेळ इथेच द्यावा.

खोक्यावर लिहिलेले ‘४० किलोमीटर’, ‘६० किलोमीटर’ हे आकडे बाजूला ठेवा. ते हलक्या माणसाने, सपाट रस्त्यावर, सगळ्यात कमी मदतीच्या पातळीवर, भरपूर पायडल मारत काढलेले असतात. पाहायचे दोनच आकडे: व्होल्ट आणि अँपिअर-अवर. त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट-अवर, म्हणजे टाकीत किती लिटर मावतं ते. ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-अवर म्हणजे २८१ वॅट-अवर. ३६ व्होल्ट, १०.४ म्हणजे ३७४. या गटात ५.८ पासून १०.४ पर्यंत बॅटऱ्या दिसतात. म्हणजे ‘३६ व्होल्ट लिथियम’ एवढंच लिहिलेल्या दोन सायकलींमध्ये जवळपास दुपटीचा फरक असू शकतो.

खर्चाचा अंदाज असा धरावा. स्वतः मनापासून पायडल मारत, ताशी वीसच्या आसपास, शहरातल्या थांब्या-सिग्नलांसह किलोमीटरला ९ ते ११ वॅट-अवर. नुसत्या थ्रॉटलवर, म्हणजे पायडल न मारता मूठ पिळून मोटरवरच चालवलं तर, १४ ते १८. माणूस ऐंशी किलोच्या वर असेल, टायरात हवा कमी असेल, समोरून वारा असेल तर वरचा आकडा. माझ्या बावीस किलोमीटरला ११ ने गुणलं तर २४२ वॅट-अवर.

यात चढाचं वेगळं किती मिळवायचं? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. माणूस, सायकल, बॅग मिळून १०० किलो धरा आणि ५० मीटर उंची चढा. लागणारी ऊर्जा ४९ हजार ज्यूल, म्हणजे १३.६ वॅट-अवर. मोटरची झीज-उष्णता धरून वीस. बावीस किलोमीटरच्या हिशेबात हे काहीच नाही. चढ बॅटरी ‘खात’ नाही. चढावर अडचण येते ती शक्तीची, एकाच वेळी किती ओढावं लागतं त्याची.

तेही मोजून पाहू. पाच टक्क्यांचा चढ, १०० किलो, ताशी १५ किलोमीटर. गुरुत्वाविरुद्ध सुमारे २०५ वॅट, टायरच्या घर्षणाचे चाळीस, हवेचे पंचवीस. एकूण २७० वॅट चाकाला लागतात. पाय थांबवून थ्रॉटल पिळला तर हे सगळं मोटरवर येतं. चढावर कमी वेगात हबमोटरची, म्हणजे चाकाच्या मध्यात बसवलेल्या मोटरची, कार्यक्षमता सत्तर टक्क्यांवर येते, म्हणून बॅटरीतून चारशे वॅट, म्हणजे ११-१२ अँपिअर ओढले जातात. तोच चढ ताशी १२ ने, स्वतः नव्वद-शंभर वॅट देत चढला तर बॅटरीवर पाच-सहा अँपिअरचाच भार येतो.

आता ३६ व्होल्टची बॅटरी आतून कशी असते ते बघा. ३.६ व्होल्टचे १८६५० मापाचे सेल, दहा एकापुढे एक. २.६ अँपिअर-अवरचे सेल असतील तर ७.८ च्या बॅटरीत अशा तीन रांगा, म्हणजे ३० सेल, १०.४ मध्ये चार रांगा, ४० सेल. पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट. कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतून मोटरला वीज सोडणारी पेटी, साधारण ३०-३१ व्होल्टला पुरवठा तोडतो. तीन रांगांच्या नव्या बॅटरीचा अंतर्गत रोध, तारा आणि बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) धरून, ०.२ ओहमच्या आसपास. १२ अँपिअर ओढले की २.४ व्होल्ट जागच्या जागी पडतात. दोन वर्षं वापरून रोध ०.३५ झाला की चार व्होल्टच्या वर पडतात. दिवसभर चालून संध्याकाळी बॅटरी ३४ व्होल्टवर आलेली असते. त्यात चांदणी चौकाच्या चढावर थ्रॉटल पिळला की ३४ चे ३० होतात आणि मोटर बंद. थांबून पायडल सोडलं की डिस्प्लेवर पुन्हा दोन काड्या उगवतात. चढाला लागलं की पुन्हा बंद. लोक याला ‘कंट्रोलर खराब’ म्हणतात, दुकानात कंट्रोलर बदलूनही देतात, आणि आठवड्याने तीच तक्रार. बॅटरी लहान आहे किंवा म्हातारी झाली आहे, एवढाच त्याचा अर्थ. चार रांगांची बॅटरी यासाठीच हवी: तिची साठवण तर जास्त असतेच, शिवाय प्रत्येक रांगेवर भार कमी येतो आणि व्होल्टेजची घसरण कमी होते.

ज्यांचा चढ सकाळी, भरल्या बॅटरीवर येतो, त्यांना तीच सायकल जास्त वर्षं पुरेल. दुकानदाराला हे माहीत असायचं कारण नाही. तुमचा चढ दिवसाच्या कोणत्या टोकाला आहे ते तुम्हीच बघायचं.

तर माझा हिशेब: रोजचे २४२ अधिक चढाचे २० मिळून साधारण २६० वॅट-अवर. २८१ ची बॅटरी कागदावर पुरते, पण दोन वर्षांनी ती ८० टक्क्यांवर आली की २२५, आणि मग रोज घरापाशीच दगा. ३७४ ची ८० टक्क्यांवर येऊनही ३०० राहते. म्हणून १० अँपिअर-अवरच्या खालचं सगळं यादीतून काढलं. चाळीस हजारांच्या आतली निम्म्याहून जास्त मॉडेलं एका झटक्यात गेली. ऑफिसात चार्जिंगची सोय असेल आणि ती टिकण्याची खात्री असेल, तर ७.८ वर भागतं आणि पाच-सात हजार वाचतात.

बॅटरी काढता येणं ही दुसरी अट. काही देखण्या मॉडेलांत ती फ्रेमच्या नळीत कायमची बसवलेली असते आणि चार्जिंगचं भोक फ्रेमवर असतं. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला ती म्हणजे रोज बावीस-चोवीस किलोची सायकल जिन्याने वर. चाळीस सेलची काढता येणारी बॅटरी कवचासकट अडीच किलोच्या आसपास भरते, ती ऑफिसच्या बॅगेतून वर जाते. काढ-घाल मात्र दुकानात दहादा करून पाहावी. खालचे पितळी संपर्क सैल असतील तर खड्ड्यात सायकल क्षणभर बंद होऊन परत चालू होते. तिथे ठिणगी उडून संपर्क काळे पडतात. घातल्यावर बॅटरी हाताने हलवून बघा. खडखड आली तर दुसरा नग मागा.

लेबल वाचायला मोबाइलचा टॉर्च लागतो, एवढं बारीक छापलेलं असतं. त्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, आयएस १६०४६ आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की उत्पादकाचं नाव येतं. ते लेबलशी जुळलं पाहिजे. उत्पादनाचा महिनाही बघा. वर्षभर गोदामात शून्याजवळ पडून राहिलेली बॅटरी नवी असूनही थकलेली असते, आणि सवलतीच्या सेलमध्ये नेमकी अशीच निघते. एका ठिकाणी मला दाखवलेल्या सायकलीची बॅटरी चौदा महिन्यांची होती. वॉरंटी मात्र ‘आजपासून’ लिहून देतो म्हणाले. वॉरंटीने सेल तरुण होत नाहीत.

मोटरबद्दल फार विचार करायचं कारण या किमतीत उरत नाही. मागच्या चाकातली गिअर असलेली हबमोटर, २५० वॅट, हेच जवळपास सगळीकडे आहे आणि ते योग्यच आहे. आत नायलॉनची तीन दातेरी चाकं असतात आणि फ्रीव्हील असतो, त्यामुळे बॅटरी संपली तरी साध्या जड सायकलीसारखी चालवता येते. पायडलपाशी बसणारी मिड-मोटर चढावर फार चांगली, पण तिची किंमत वेगळ्याच जगातली. कमी वेगात, पूर्ण भारावर मिनिटामागून मिनिटं हबमोटर ओढत राहिली की वीज गतीऐवजी उष्णतेत जाते आणि नायलॉनचे दात मऊ पडतात. म्हणून चढावर वेग दहाच्या खाली जाऊ द्यायचा नाही, आणि त्यासाठी पायांना गिअर हवेत.

सिंगल-स्पीड की सात गिअर, हा प्रश्नही आकड्यांनीच सोडवला. पुढे ४४ दात, मागे १८, सव्वीस इंची चाक: पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पाच मीटर जाते. ताशी १२ ने चढायचं म्हणजे मिनिटाला ३९ फेरे, पूर्ण जोर लावून. गुडघे महिनाभरात सांगतात. सात गिअरमध्ये मागचं सगळ्यात मोठं चक्र २८ दातांचं. एका फेऱ्यात ३.३ मीटर आणि त्याच वेगाला मिनिटाला साठ फेरे. पाय सहज फिरतात, मोटर थंड राहते, बॅटरीवर भार कमी. सिंहगड रस्ता, नगर रस्ता असल्या सपाट वाटेवर सिंगल-स्पीड घ्यावी. बिघडायला एक वस्तू कमी.

मदत कधी सुरू होते, हे सेन्सरवर ठरतं. चाळीस हजारांत टॉर्क सेन्सर, म्हणजे पायाचा जोर मोजणारा, सहसा मिळत नाही. मिळतो तो फेरे मोजणारा: क्रँकजवळ, म्हणजे पायडलच्या दांडीपाशी, चुंबकांची एक चकती. चुंबक मोजा. बारा असतील तर पाऊण फेऱ्याच्या आत मोटर जागी होते. सहा-आठ असतील तर सिग्नलला निघताना सायकल पहिल्या फेऱ्याला मेलेली वाटते आणि मग एकदम उडी मारते. पुढे रिक्षा असेल तर ती उडी धोक्याची. अशा सायकलीला निदान थ्रॉटल हवा, तो निघतानाच्या तीन-चार सेकंदांपुरता.

चाचणीफेरी दुकानासमोरच्या सपाट गल्लीत देतात. तिने काही कळत नाही. मी आधीच फोन करून चढ असलेला रस्ता जवळ आहे का विचारलं, आणि जिथे ‘नाही, इथेच दोन चकरा मारा’ म्हणाले तिथे गेलो नाही. फेरीत केलं ते एवढं. सायकल स्टँडवर घेऊन मागचं चाक थ्रॉटलवर फिरवलं, आवाज एकसारखा आहे का ऐकला. दात घासल्यासारखी कर्र नवीन मोटरला येऊ नये. चाक फिरत असताना ब्रेकची मूठ नुसती एक सेंटिमीटर ओढली. त्याच क्षणी मोटरचा पुरवठा तुटला पाहिजे, पॅड तबकडीला टेकण्याच्या आधी. एका सायकलीत डावी मूठ तोडत होती आणि उजवी नाही. आतली तार निघालेली होती. रस्त्यात ओल्यावर ब्रेक लावताना मोटर पुढे ढकलत राहिली तर काय होईल हे सांगायला नको. मग चढ. मध्यावर थांबून, थ्रॉटलशिवाय, पहिल्या गिअरमध्ये निघून पाहिलं. वर पोचल्यावर हाताचा पंजा मोटरच्या कवचावर ठेवला. कोमट ठीक. हात ठेवता येत नसेल तर तुमच्या वजनाला आणि त्या चढाला ती मोटर पुरी नाही.

दुकानातल्या लोकांना हे सगळं करू द्यायचं नसतं असं नाही. नीट विचारलं तर बहुतेक जण मदत करतात, काही जण स्वतः शिकतात.

बाजारात नावं भरपूर आहेत: हिरो लेक्ट्रो, पुण्यातच सुरू झालेली ईमोटोराड, टाटा समूहातली स्ट्रायडर, नाइंटी वन, फायरफॉक्स. मॉडेलं इतक्या लवकर बदलतात की एखाद्याचं नाव घेऊन ‘हीच घ्या’ म्हणणं सहा महिन्यांत शिळं होतं. त्यापेक्षा दोन ओळी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. या सायकलीची सुटी बॅटरी आज किती रुपयांना आणि किती दिवसांत मिळेल? कंट्रोलर, डिस्प्ले आणि पायडल सेन्सर शहरात कुणाकडे शिल्लक आहेत? बॅटरीची किंमत सांगता न येणारा विक्रेता दोन वर्षांनी बॅटरीही देऊ शकणार नाही. साधा, ३६ व्होल्टचा सर्वत्र मिळणारा कंट्रोलर असलेली सायकल मी ॲपवर चालणाऱ्या बंदिस्त सायकलीपेक्षा वर ठेवली. ॲप बंद पडलं, कंपनीने मॉडेल सोडलं, तरी तसला कंट्रोलर कुणीही इलेक्ट्रिशियन दीड-दोन हजारांत बसवून देतो.

खर्चाचा खरा आकडाही बॅटरीतच आहे. रिकाम्यापासून पूर्ण भरायला ३७४ वॅट-अवरच्या बॅटरीला, चार्जरची गळती धरून, भिंतीतून ४३० वॅट-अवर लागतात. अर्ध्या युनिटपेक्षा कमी. दहा रुपये युनिट धरलं तरी सव्वाचार रुपयांत तीसेक किलोमीटर. पण बॅटरी पाचशे पूर्ण फेऱ्यांना ८० टक्क्यांवर येते असं धरलं, आणि नवी चौदा हजारांची धरली, तर किलोमीटरला रुपयाच्या आसपास झीज पडते. विजेचे पंधरा पैसे, बॅटरीचा एक रुपया. तरीही पेट्रोल स्कूटरच्या नुसत्या इंधनापेक्षा निम्मं. पण ‘फुकटात फिरते’ म्हणत घेतलेल्यांना तिसऱ्या वर्षी चौदा हजारांचा धक्का बसतो. महिन्याला चारशे-पाचशे रुपये बाजूला टाकलेले बरे. केंद्राच्या योजनांतून ई-सायकलीला अनुदान मिळत नाही, तो हिशेब धरू नये.

वापरलेली सायकल घेणार असाल, तर शंभर-दोनशे किलोमीटर चालल्याच्या गप्पा ऐकत बसू नका. प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर सात-आठशेत मिळतो. बॅटरी पूर्ण संपवून, तासभर थंड होऊ देऊन, मीटरमधून पूर्ण भरा. मीटरवरचा आकडा ०.८७ ने गुणा. ३७४ च्या बॅटरीला ३०० च्या वर आलं तर ठीक, २५० च्या खाली आलं तर ती सायकल बिनबॅटरीची समजून भाव करा.

पाऊस आणि पंक्चर, या दोन गोष्टींकडे खरेदीच्या दिवशी कुणाचं लक्ष नसतं. आयपी ६५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याला टिकेल, आयपी ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. पण हा शिक्का कशावर आहे ते वाचा. बहुधा नुसत्या बॅटरीवर किंवा नुसत्या मोटरवर असतो, आणि पाणी शिरतं ते जोडण्यांत. कंट्रोलरची पेटी उलटी करून बघा, तारा खालून आत जायला हव्यात. मोटरची तार ॲक्सलमधून बाहेर आल्यावर आधी खाली झोका खाऊन मग वर गेली पाहिजे, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोक्यातून टपकतं, आत जात नाही. चार्जिंगच्या भोकाचं रबरी बूच घट्ट बसतं का? पावसाळ्याआधी सगळे कनेक्टर उघडून आत डायइलेक्ट्रिक ग्रीस भरावं. पाणी शिरलं की मोटर एकदम बंद पडत नाही. ती आधी गुरगुरते, धक्के देते, कारण आतल्या हॉल सेन्सरचे (मोटर कुठवर फिरली ते कळवणाऱ्या) संकेत चुकतात. सव्वीस इंची चाकाचा ॲक्सल जमिनीपासून ३३ सेंटिमीटरवर असतो. रस्त्यावरचं पाणी त्याच्याजवळ पोचत असेल तर चालवत जाऊ नये. प्रेशर वॉशरने सायकल धुणं तर कधीच नाही.

पंक्चर मागच्याच चाकात जास्त होतं आणि तिथेच मोटर आहे. रस्त्यावरचा पंक्चरवाला तार बघूनच नको म्हणतो. त्याला सांगायचं की चाक काढायचं नाही: सायकल आडवी करा, टायरची एकच कड सोडवा, ट्यूब बाहेर ओढा, तिथेच पॅच मारा. हे कुणीही करून देतो. ट्यूबच बदलायची असेल तर चाक उतरवावं लागतं. आधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो. कनेक्टर पिळायचा नाही, सरळ ओढायचा. लावताना दोन्हीकडचे बाण समोरासमोर आणायचे. नट अठराच्या पान्याने निघतात. नटाखाली एक जीभ असलेला वॉशर असतो, त्याची जीभ फ्रेमच्या खाचेत बसते. घाईत तो बाहेर राहिला किंवा उलटा बसला, तर मोटरच्या जोराने ॲक्सलच फिरतो, आतली तार पिळून तुटते आणि तीनशेच्या पंक्चरची चार-पाच हजारांची मोटर होते. अठराचा पाना, झिप-टाय आणि सुटी ट्यूब बॅगेत ठेवावी. ट्यूबचा वॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड घ्या, पेट्रोलपंपावर हवा भरता येते. मागे ५० पीएसआयच्या आसपास, टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत.

अखेरीस जमलं ते असं: काढता येणारी ३६ व्होल्ट १०.४ ची बॅटरी, सात गिअर, दोन्हीकडे यांत्रिक डिस्क, बारा चुंबकांचा सेन्सर, साधा कंट्रोलर. सायकल साडेपस्तीस हजार. मडगार्ड, कॅरिअर, पुढचा-मागचा दिवा, यू-आकाराचं कुलूप आणि हेल्मेट मिळून आणखी साडेचार. कॅरिअर घेताना सायकल सोबत न्या: साध्या कॅरिअरचा डावा पाय डिस्क ब्रेकच्या कॅलिपरवर आपटतो, त्यासाठी बाहेरून वळसा घेणारा पाय किंवा लांब स्क्रू आणि बुश लागतात. बिलावर सायकल, मोटर आणि बॅटरी या तिन्हींचे क्रमांक वेगवेगळे लिहून घेतले. वॉरंटीचा दावा बॅटरीच्या क्रमांकावर होतो, सायकलीच्या नाही.

चार्जर ४२ व्होल्ट, २ अँपिअरचा, साडेपाच-सहा तास घेतो. संध्याकाळी आल्या आल्या लावत नाही. जेवण होईपर्यंत बॅटरी थंड होऊ देतो, फरशीवर, पलंग-पडद्यांपासून लांब, आणि झोपायच्या आधी काढता येईल अशा वेळी लावतो. रोज उरलेल्या शंभरेक वॅट-अवरवर भरण सुरू होत असल्यामुळे चार-साडेचार तासांत ते होतंच. गावाला जाताना ती अर्धी भरलेली ठेवायची.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर ॲक्सलचे नट पुन्हा आवळले, ३५ ते ४० न्यूटन-मीटर. दोनशेला मागच्या चाकाचे आरे: दोन-दोन आरे चिमटीत धरून दाबत चाकभर फिरायचं, जो सैल लागेल तो पाव फेरा. मोटरच्या चाकात आरे आखूड आणि जाड असतात, एक सैल पडला की शेजारचे तुटायला लागतात, आणि त्या लांबीचे आरे कोपऱ्यावरच्या सायकल दुकानात मिळत नाहीत. माझ्या चाकात साखळीच्या बाजूचे तीन सैल निघाले. सहा सुटे आरे त्याच दिवशी मागवून सीटपोस्टच्या नळीत गुंडाळून ठेवले.